गप बसल्याचे पैशे

"मीटरला कान न्हाईत, पोरा. त्याला फकस्त लाईन जोडलेली कळती. तुझी माय बोलली का गप बसली, त्याला काय देनंघेनं?" परभनीचा फोन-बूथवाला बन्सीधर शेठ म्हनला आन् टेबलाच्या काचावर बोटानं टकटक केलं, म्हंजी पैशे हितं ठिव. मुंजाजीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शेठच्या खांद्याजवळ मशिनीवरले लाल आकडे आजून पेटलेलेच व्हते. फोन ठिवून इत्का येळ झाला तरी ते इझायला तयार न्हाईत, डोळे वटारून बघायलेत.

"आन् तिकडल्या दुकानातलं पोरगं माझ्या आक्काला बलवायला गेल्तं, तव्हाचं काय? तव्हा हिकडून कुनी बोललं न्हाई का तिकडून न्हाई. नुस्त्या शेळ्या वरडायल्या व्हत्या. शेळ्यायचेबी पैशे घेता का तुमी?"

"घेतो की. कुठल्या शेळ्या व्हत्या? पार कोपरगावाकडल्या. यवढ्या लांबच्या शेळ्या ऐकायच्या म्हनल्यावर पडतेत पैशे."

बाकड्यावर नंबर लावून बसलेले दोघंतिघं हासले. त्या हासन्यानं मुंजाजीचं डोस्कं आनखी फिरलं. नववीत आसताना गुरुजी म्हनले व्हते, डोळे खाली कर, आन् यानं केले न्हाईत. त्या दिवशी दप्तर खांद्यावरून उतरलं ते उतरलंच. तव्हापसून सेलूच्या एका जिनिंगवर कापूस ओढायचा, नाकात, भिवयांत, सगळीकडं कापूस, पन डोळे काय खाली झाले न्हाईत. त्या डोळ्यांनीच त्यानं मघाशी बघून ठिवलं व्हतं. म्हनला, "आन् सातनंतर हाफ रेट हाय न? बाहीर फळीवर तुमीच लिव्हलंय. शेजारच्या हाटेलात सातच्या बातम्या संपल्या, मंग आमी फोन लावला. आमी काय येडे म्हनून तासभर पायरीवर बसलो व्हतो का?"

शेठनं मान न वळवता मागच्या भिताडावरलं घड्याळ दावलं. "माझ्या घड्याळात वाजले नव्हते."

"मंग बातम्या देनारा झोपंत बोलायलाय का?"

"त्याला जाऊन इचार बाबा. ह्या काचाच्या आत माझं घड्याळ चालतंय."

आता ह्याच्या घड्याळावर काय तरी फेकून मारावं, आसं मुंजाजीच्या हातात आलं व्हतं. तेवढ्यात मायचा हात मधी आला. धुरपताबाई आत्तापत्तूर बूथच्या पायरीवर उभी व्हती, चपला हातात घिऊन, कारन फोनच्या पेटीत जाताना तिनं त्या काढल्या आन् परत घालायचं तिच्या ध्यानातच न्हाई आलं. तिनं कनवटीची गाठ सोडली, घड्या घातलेल्या नोटा काचावर ठिवल्या, सगळ्या, आन् शेठला म्हनली, "घ्या बापा. लेकरू तापट हाय, मनावर घिऊ नगा." शेठनं पाहिजे तेवढ्या उचलल्या आन् उरलेल्या तिच्याकडं सरकिल्या. मुंजाजीला शेठपेक्षा मायचाच राग आला. ही आशीच. भाजीवाला दांडी मारतो तरी ही म्हनती, आसूंदे, त्यालाबी लेकरं हायेत.

ठेसनाकडं जाताना तो पुढं पुढं चालला, माय मागं. रस्त्याच्या कडंला लांब भिताड, त्याच्यावर नामांतराचं मोठ्या अक्षरात लिव्हलेलं, कुनीतरी वरून चुना मारलेला, आन् चुन्याच्या खालून अक्षरं परत वर आलेली. थंडी पडायली व्हती. त्याच्या कानात आजून त्या फोनचा आवाज व्हता, लाईन लागायच्या आधीचा, कडकड, मंग लांबून पानी वाहिल्यावानी, मंग एकदम मानूस. मानूस म्हंजी तिकडल्या किराना दुकानाचा मालक. तो म्हनला, कोन पाहिजे? माय म्हनली, रुख्मिनी. तो म्हनला, रुख्मिन्या लय हायेत हितं, कुनाची रुख्मिनी, तुमी कुठून बोलायलात? माय म्हनली, पेडगाववरून, ह्यांच्या घरून. ह्यांच्या म्हंजी कुनाच्या? आमच्या. आवो पन नाव काय? आन् माय गप. लगीन झाल्यापसून तिच्या तोंडात नवऱ्याचं नाव आलं न्हाई, ते काय एका फोनसाठी येनार व्हतं व्हय? पदर डोक्यावर वढला, जसं काय दुकानदार समोरच उभा हाय, आन् मुंजाजीकडं बघितलं. लाल आकडे पुढं पळायलेत, आन् ही लाजायली. शेवटी यानंच मुंडकं आत घालून फोन वढून घेतला, वरडून सांगितलं, पेडगावच्या आश्रुबाची लेक, वैजीनाथची बायकू, ऊसतोड्यांच्या कोपीवरून बलवा. मंग शेळ्या. मंग आक्काचा आवाज आला, "हालो," धापा टाकलेला, आन् यानं फोन मायच्या कानाला लावला आन् बाहीर निघाला, कारन त्या पेटीत दोघं मावत नव्हते.

तिथून पुढचं त्यानं काचातून बघितलं. खरं तर बघितलं न्हाईच, नजर सगळी त्या आकड्यावर. आकडा बदलला की तो मनात पैशे मोजायचा.

आक्का ऊसतोडीला गेली त्याला आता दोन-अडीच म्हैने झाले आसतील. वैजीनाथ दाजीनं मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घेतलेली, आन् तोडीला कोयता म्हंजी नवराबायकू दोघं लागतेत, एकट्याला कोन घेतंय? बाप म्हंजी आबा म्हनले व्हते, पोटुशी हाय, हिला हितंच ठिवा. दाजी म्हनला, उचल फिटंल कशी? आक्का मधी उभी, ह्याच्याकडं बघायली, त्याच्याकडं बघायली, आन् मंग भांड्याचं गठुडं उचलून ट्रकात चढली. आबांनी तव्हा जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. गेली न, म्हनले, मंग बाळंतपनालाबी तिकडंच ऱ्हावं, माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगं. आबा चिडले म्हंजी आसंच बोलतेत, मुंजाजी तरी कुनावर गेला? पन बोललेलं वापस कसं घ्यायचं ते त्यांना आजून जमलं न्हाई. दिवस भरत आले तरी घरात कुनी आक्काचं नाव काढंना. पहिलं बाळंतपन मायच्या घरी, हे काय कुनी सांगायची गोष्ट हाय? आन् लेक आपल्या पायानं येत नसती. मूळ जावं लागतंय तिला, भाऊ जातो, मुराळी म्हनून, मंग ती येती.

पंचमीला तोच गेल्ता मुराळी. तिच्या सासरच्या गल्लीत वळला तर आक्का नळावर घागर भरायली, तिनं याला लांबूनच वळखलं आन् घागर तशीच नळाखाली सोडून आली, भरून वाहायली घागर, बाया वरडायल्या, आगं ये, आन् ही हासतीया. सासूनं याला पाटावर बसिवलं, तूप वाढलं, म्हनली, मुराळी केवढा मोठा झाला बया. याला लय लाज आली. येताना यष्टीनं फाट्यावर सोडलं, तिथून गावापत्तूर पायवाट. फाट्यापत्तूर आक्काचा पदर डोक्यावर, बोलनं हळू, आन् आपल्या शिवंचा लिंब दिसला तशी तिनं चपला काढून याच्या हातात दिल्या आन् वावरातून पळत सुटली, मुगाच्या शेंगा तोडून तोडून खात. थांबली की इचारायची, मुंज्या, आबा काय म्हनले रे, मला आनायला जाताना काय म्हनले? तो म्हनला, काय म्हननार, म्हनले लवकर जा, न्हाई तर पाऊस गाठंल. तिला तेवढंच लय झालं. परत तेच इचारायली, आन् खरंच लवकर जा म्हनले का?

ठेसनावर गाडीला आजून येळ व्हता. मायनं बाकड्याच्या टोकाला बसून चपला घातल्या, गुडघ्याला हात लावले आन् म्हनली, "झालं बापा एकदाचं." तिचं तोंड लय निवांत दिसायलं व्हतं, ताप उतरल्यावर आसतंय तसं. मुंजाजीचा राग आजून खाली बसला नव्हता, तरी त्यानं इचारलं, "काय म्हनली आक्का?"

"रडली. लय रडली माय माझी. म्हनली पाय सुजलेत, मोळी उचलवत न्हाई. मंग जराशानं म्हनली," मायचा आवाज खाली गेला, "म्हनली, माय, येऊ का गं मी?"

आक्का आसं म्हनली? मूळ न येता, कुनी बलवलं न्हाई तरी, आपल्याच तोंडानं? पंचमीलाबी जी चारदा इचारायची, आबा काय म्हनले, तिनं आसं इचारायचं म्हंजी किती येळ ती त्या फोनपशी जीभ चावत उभी ऱ्हायली आसंल.

"मंग?"

"मंग काय? मी व्हय म्हनले."

"कव्हा म्हनलीस?"

"आरं कव्हा म्हंजी? ती इचारायली तव्हा. एकदा सोडून चारदा म्हनले. हे आसं." आन् मायनं मान हालवली. वर-खाली, जोरात, डोळे भरलेले, आसं हालवली की बाकड्यावर पलीकडं बसलेल्या म्हाताऱ्यालाबी समजलं आसतं.

मुंजाजीनं बघितलं व्हतं हे. काचातून. आकडा बदलताना डोळ्याच्या कडंला मायचं डोस्कं हालायलं व्हतं, व्हय व्हय व्हय, आन् ते बघून त्याला काहीच वाटलं न्हाई, कारन घरीदारी माय आशीच बोलती, आबा इचारतेत, ढोराला पानी दावलं का, ही मान हालवती. शेजारीन इचारती, जेवली का, ही मान हालवती. तिचं निम्मं बोलनं मानेतच हाय. आन् त्यानंच तर शेठला वरडून सांगितलं न, ती बोललीच न्हाई, गप बसली, मंग पैशे कशाचे?

"माय," तो म्हनला, "तोंडानं म्हनलीस का?"

"आं?"

"तोंडानं. व्हय, ये, आसं. आवाज काढून."

मायनं त्याच्याकडं बघितलं. तिला पहिल्यांदा कळलंच न्हाई. मंग तिची मान, जी परत हालायच्या बेतात व्हती, मधीच थांबली. तो निवांतपना तोंडावरून उतरत गेला, आन् मुंजाजीला वाटलं, इचारलं नसतं तर बरं झालं आसतं. माय म्हनली, "म्हनूनच ती हालो हालो करायली व्हती? मला वाटलं रडू येतंय म्हनून करायली. मंग ठिवलाच तिनं. माय माझी. काय समजली आसंल रं ती?"

तो पळाला. त्याच रस्त्यानं, चुन्याच्या भिताडाजवळून, आन् माय मागून. बूथमधी शेठ एकटाच व्हता, उदबत्ती लावीत. मुंजाजीला बघून त्यानं टेबल धरलं, त्याला वाटलं पोरगं भांडायला वापस आलं. पन पोराच्या तोंडातून भांडन निघंना. "शेठ, परत लावा तोच नंबर. तिला ऐकूच न्हाई गेलं. मायनं मान हालवली नुस्ती." शेठनं त्याच्याकडं बघितलं, मंग धापा टाकत पायरी चढनाऱ्या धुरपताबाईकडं. उदबत्ती तशीच बोटात धरून नंबर फिरवायला लागला. लागला न्हाई, परत फिरवला. परत. लागला तव्हा फोन याच्या हातात दिला आन् सोता पेटीचं दार धरून उभा ऱ्हायला.

दुकानदार म्हनला, ती गेली की. लय येळ बसली व्हती हितं मिठाच्या गोनीवर. मी म्हनलं, बाई फोनजवळून सरक, गिऱ्हाईक येतंय, तव्हा गेली. मुंजाजी म्हनला, तिला परत बलवा, न्हाई तर निरोप सांगा, माय ये म्हनली म्हनून. दुकानदार म्हनला, भाऊ, मी दुकान बंद करायलोय, आन् ती गेली तिकडं आज रातच्याला टोळी हालनार हाय, दुसऱ्या गावच्या उसाच्या फडावर, मला काय ठाव कोनती कोपी कुठं जायली. बलवायचे पैशे दिले तिनं, निरोपाचे न्हाई दिले. आन् हासला. तिकडंबी घेतले तर. हिकडं मायकडून घेतले, तिकडं आक्काकडून घेतले, आन् मधी यवढ्या लांब तार, खांबावरून खांबावर, रानारानातून, त्या तारंतून गेलं काय तर कुनाचं तरी गप बसनं. मुंजाजीला शिवी आली तोंडात. पन त्यानं गिळली, आन् इचारलं, दुसरा फड कुठं हाय? दुकानदारानं गावाचं नाव सांगितलं. मंग लाईन गेली.

तो काय बोलायच्या आधीच शेठ म्हनला, "ही हाफ रेटनं लावतो." घड्याळाकडं त्याचं त्यालाच बघू वाटंना. मुंजाजीनं भांडन केलं न्हाई. मायनं परत गाठ सोडली.

गाडीत गर्दी नव्हती. माय खिडकीला, तो दारात. बाहीर काळोख आन् तुरीच्या वावरांचा वास. आता आक्का काय करायली आसंल, हे त्याला बघायचं नव्हतं तरी दिसायलंच. टोळीचा ट्रक भरायलेत, भांडी, ढोरं, लेकरं, आन् आक्का एका बाजूला बसून पाय दाबायली आपलेच. दाजीनं इचारलं आसंल, काय म्हनली तुझी माय? आन् आक्कानं, ती पन तर मायचीच लेक, नुस्ती मान हालवली आसंल आडवी. उद्या येरवाळी ती उठंल, पाचट तुडवीत फडात जाईल, मोळ्या बांधंल, आन् प्रत्येक मोळी डोक्यावर घेताना तिला वाटंल, माय काहीच बोलली न्हाई. हे तिच्या डोक्यात एक दिवसबी ऱ्हाऊ द्यायचं न्हाई, आसं त्यानं ठरिवलं. मुकादम सोडनार न्हाई, उचल मागंल, भांडंल. भांडू दे. त्याला आनखी काय न्हाई, भांडायला तर येतंय. सेलूला जिनिंगवर हप्ता घ्यायचा, मनमाडला उतरायचं, पुढं यष्टी, आन् इचारत इचारत फड. मुराळ्याला पत्ता कशाला पाहिजे, वाटंतल्या बायाच सांगतेत.

त्यानं मायला काही सांगितलं न्हाई. पन माय त्याच्याकडं बघायली व्हती, आन् पेडगावचे दिवे आले तशी ती उठून दाराजवळ आली आन् उरलेल्या नोटा त्याच्या खिशात कोंबल्या. तो म्हनला, "ऱ्हाऊ दे न." तिनं आयकलं न्हाई.

ठेसनावर आबा उभे व्हते, घोंगडं पांघरून. माय डोळे दावायला परभनीला जाते म्हनून घरून निघाली व्हती. ती उतरली तसं आबांनी इचारलं, "डोळ्याचं काय म्हनला डाक्टर?"

"डोळ्याला काय झालं माझ्या?" माय म्हनली, आन् यवढ्या मोठ्यानं म्हनली की गार्डानं वळून बघितलं. "रुख्मीला फोन लावायला गेल्ते. मुंज्या चाललाय तिला आनायला. मूळ चाललाय तिला."

आबांनी मायकडं बघितलं, दारातल्या मुंजाजीकडं बघितलं. मुंजाजीनं दांडी घट्ट धरली, अंग ताठ केलं, म्हनला आता शिवी येती, आन् आली तर आपनबी दोन द्यायच्या. गाडीनं शिट्टी मारली.

"तिकीट हाय का?" आबांनी इचारलं.

"सेलूला काढतो."

"हं." आबा दाराजवळ आले. त्यांनी खालून दांडीला हात घातला, याच्या हाताच्या खालीच, आन् गाडी हालली तसे ते संग चालायला लागले, घोंगडं एका खांद्यावरून लोंबायलं. "यष्टीत मागं बसवू नगं तिला. मागं लय गचके बसतेत. पुढं, डायव्हरच्या पाठीमागं जागा धर. भांडून धर लागलं तर."

"व्हय."

"आन् पानी. उसाच्या फडातलं नको पाजू, आं? यष्टी थांबली की इचार तिला, काय पाहिजे का. ती सोता सांगायची न्हाई."

"व्हय आबा." फलाट संपायला आला व्हता, पुढं नुस्ती खडी, आबांचा पाय अडखळला तरी हात सुटंना. "सोडा दांडी, पडताल. सोडा आता, जायाचंय मला."